ऑस्करची फिल्म आणि सेलिनची सुकेळी

ऑस्करची आणि त्या घासायच्या यंत्राची पहिली भेट झाली तेव्हा वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतली सगळी मशीनं म्हणे श्वास रोखून थांबली, चहावाल्याची किटली हवेत तरंगली आणि वटार गावी ऑस्करच्या बागेत केळीचा एक घड वेळेआधीच पिकला. सेलिन, म्हणजे त्याची बायको, सांगते की त्या दिवशी तो डबा घरीच विसरला होता आणि भुकेने त्याला गरगरत होतं.

यंत्र दिसायला ग्रामोफोनसारखं. फिरत्या थाळीवर पॅकिंगच्या पातळ प्लास्टिक फिल्मची चकती लावायची, वरून खरखरीत चाकं टेकवायची. मग चकती उजेडाला धरून बघायची. फार धूसर झाली की माल नापास. पण थाळी फिरू लागली की ऑस्करचे डोळे अर्धे मिटत. चकतीवर आधी पुसट कडं उमटे, मग ते दाटत जाई, आणि त्यात त्याला पहाटेच्या धुक्यातली केळीची बाग दिसे. दव ठिबकतंय, लांब चर्चची घंटा वाजतेय... नापास मालावर इतका जीव लावणारा तपासनीस दुसरा नसेल. असल्या चकत्या तो घरी आणून खिडकीत टांगी.

"लोक पडदे लावतात," सेलिन म्हणे, "आमच्याकडे कारखान्याचा कचरा!"

सेलिन राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करी आणि चर्चच्या सणाला विके. यंदा मुंबईच्या एका मोठ्या दुकानाने तिला माल मांडायला एक फळी देऊ केली. अट एकच, पाकीट काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. सेलिनला दुसरं काही सुचेना.

"फिल्म माझ्यावर सोड," ऑस्कर म्हणाला.

"तुमच्यावर? झोपाल तिथेच."

झोपला नाही. फिल्ममागून फिल्म घासली आणि शेवटी एक अशी सापडली की चाकं दमली, पण तिच्यावर धुकं काही उमटेना. ऑस्करला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं. त्या फिल्मची पाकिटं भरून टेम्पो मुंबईला गेला.

टेम्पो परत आला तो सगळी पाकिटं घेऊनच. वरून लख्ख, पण आत दाट धुकं. सुकेळी बांधायची ती केळीच्या सुक्या पानात; ते खरखरीत पान वाटभर आतून फिल्म घासत गेलं होतं. ऑस्करने घासली होती फक्त बाहेरची बाजू.

"पान काढून भरूया?" त्याने चाचरत विचारलं.

"पानाशिवाय? मग ती सुकेळी कसली! आई वरून बघतेय माझी."

ऑस्करने एक पाकीट खिडकीत धरलं. उन्हाची तिरीप त्यातून पाझरली आणि आत अख्खी बाग उभी राहिली, पानापानासकट. एवढं सुंदर धुकं त्याच्या यंत्राने कधी काढलं नव्हतं.

"सेलिन, बघ तरी!"

तिने पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. डोळे पुसले आणि म्हणाली, "बघून झालं असेल तर जेवायला चला."

दुकानाने त्या फळीवर खजूर ठेवला.