एका टोकाला रुंद मफलर

मंडळी, आज दुपारी माझी नात रडकुंडीला आली. तिनं विणलेला पहिलाच मफलर एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला दुप्पट रुंद. टाके वाढत गेले, पोरीला कळलंच नाही.

वरठीला शाळेत असताना माझाही तस्साच झाला होता. सुया म्हणजे बाबांच्या सायकलचे जुने स्पोक, दगडावर घासलेले. आई मफलर उसवायला बसली, तर बाबांनी ओढूनच घेतला. "काहून उसवून राहिली? रुंद बाजू कानाले, अरुंद गळ्याले!" हिवाळाभर तोच गुंडाळून सायकलवर ड्युटीला गेले.

आज नातही उसवायला निघाली. मी मफलर हिसकावून कानाला गुंडाळला. जाम उकडून राहिलंय, पण काढणार नाही.

तुमचं पहिलं वाकडंतिकडं विणकाम कोणी मिरवलं होतं?