गाठ न मारता

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गाझियाबादेतील एका अकरा मजली इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेने, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हाती घेतलेले एक शिवणकाम पूर्ण केले आहे. पुरावा मागू नये. तो दाखवता येण्यासारखा राहिलेला नाही. आणि ही बातमी ऐकून जिनं चष्मा कपाळावर चढवून "काय सांगतेस, शुभा" म्हणावं अशी एकच बाई होती, ती समोरच्या फ्लॅटमधली मिल्काताई. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले.

मिल्काताई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. माहेर पेणचं, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीला आल्या, शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून मला धरलं. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायची. माझ्या कारकिर्दीचा आढावा थोडक्यात असा : एक टेबलक्लॉथ, ज्याच्या एका कोपऱ्यात भरघोस वेल आहे आणि बाकी तीन कोपरे कोरे आहेत, एक गोधडी, जी सध्या पायपुसण्याएवढी आहे, आणि एक स्वेटर, ज्याला बाह्या कधी आल्याच नाहीत आणि जो आमचे हे बारा वर्षं बंडी म्हणून घालतात. मला सुरुवात फार आवडते हो. नवा दोरा, नवं कापड, पहिले चार टाके... मग मला दुसरंच काहीतरी सुचतं.

ताईंना हे सहन होत नसे. त्यांचे दोनच हुकूम असत. दोरा ओवला की "गाठ मार", आणि शेवटचा टाका घातला की पुन्हा "गाठ मार". मग कापड उलटं करून आतली बाजू बघत. आमच्यात, त्या सांगायच्या, चांगल्या कामाला हात घातलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगतात, की आता पुरं कर. आणि काम ज्याच्या हातून पुरं होतं त्याच्याच नावावर ते लागतं. त्यासाठी योसेफाच्या हाडांची गोष्ट होती. योसेफानं मरताना भावांकडून शब्द घेतला की माझी हाडं मिसरात ठेवू नका. शेकडो वर्षांनी मोशेनं ती बाहेर काढली, चाळीस वर्षं रानावनातून वाहिली, पण तो वाटेतच गेला. ज्यांनी शेवटी ती नेऊन पुरली, नाव त्यांचं झालं.

"म्हणजे मोशेचं आणि माझं सारखंच," मी म्हटलं.

"मोशे मेला म्हणून त्याचं राहिलं. तुझं निमित्त काय?"

मी चहा ठेवायला उठले. दुसऱ्या एका गुरुवारी त्यांनी आणखी एक शिकवण सांगितली. काम संपवण्याची सक्ती तुझ्यावर नाही. एवढं ऐकून मी आनंदानं सुई टोचून ठेवली आणि पिशवी उचलली. "बस खाली," ताई म्हणाल्या, "पुढं ऐक. पण ते टाकून उठायची मुभाही तुला नाही." एकवीस वर्षं हे असंच चाललं. मी सुरू करायची, कंटाळा आला की त्यांच्या मांडीवर टाकायची, आणि त्या पुरं करून द्यायच्या. माझ्या मुलीचे शाळेतले सगळे फ्रॉक असेच झाले. "तुझं पुण्य मी पळवते आहे," त्या म्हणत, "मला उगाच चोर करू नकोस."

एक काम मात्र त्या माझ्यासमोर कधी करत नसत. दिल्लीत त्यांची माणसं फार थोडी. कुणी बाई गेली तर तिचे शेवटचे कपडे, म्हणजे सुती पांढरे सदरा, पायजमा, वरचा झगा आणि टोपडं, हे मिल्काताईच हातानं शिवायच्या, एकट्या, दार लावून. एक जोड कायम शिवून कपाटात तयार असे.

डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी दवाखान्यात गेले, तेव्हा नाकातली नळी सांभाळत त्यांनी विचारलं, "टेबलक्लॉथ कुठवर आला?"

"एक कोपरा राहिलाय," मी म्हटलं. तीन राहिले होते.

"पुरा कर," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून पडून राहिल्या... मी घरी आले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला डायनाचा फोन आला. डायना त्यांची एकुलती मुलगी, मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे, आणि ते चार दिवस दवाखान्यातच होती. "काकू... मम्मी गेली," एवढंच बोलली. नऊ वाजता ताईंना घरी आणलं, तोवर फरीदाबादहून डायनाची आत्या येऊन पोचली होती. रेचलआत्या ब्याऐंशी वर्षांच्या, आवाज खणखणीत, पण दोन्ही हात सतत थरथरणारे. त्यांनी कपाट उघडलं. तयार जोड नव्हताच. महिन्यापूर्वी तो दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईसाठी गेला होता. त्याच्या जागी पांढऱ्या कापडाचे तुकडे होते, ताईंच्या स्वतःच्या मापाचे, खडूच्या रेघा मारून कापलेले. पायजम्याचा एक पाय शिवून झाला होता आणि दुसऱ्यात सुई टोचलेली होती.

संध्याकाळी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो आणि मग दफन होत नाही. डिसेंबरातला दिवस केवढासा. गाडी तीनला निघायला हवी होती, नाहीतर थेट रविवार.

"मम्मीला दोन दिवस मॉर्गमध्ये नाही ठेवायचं, काकू," डायना म्हणाली. "प्लीज. मैं मार्केट से कुछ ले आऊँ क्या, आत्या? रेडीमेड?"

"हातानं शिवलेलंच लागतं. आणि तू शिवायचं नाहीस, तू तिची मुलगी आहेस." आत्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला शिवता येतं ना?"

"सुरू करता येतं," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं. कुणी हसलं नाही. "पण मी तुमच्यातली नाही, चालेन का, आत्या?"

"करणारं आमच्यातलं हाताशी कुणी नसेल तर चालतं, मी विचारलंय. आंघोळ घालणाऱ्या बायका दोनशिवाय पोचत नाहीत. कर सुरू."

मी पलंगाशेजारच्या चटईवर बसले, सुई ओवली आणि दोऱ्याला गाठ मारली. आत्यांनी हातावर चापट मारली.

"गाठ नाही मारायची."

"मग सुटेल ना ते."

"सुटू दे. गेलेल्या माणसाच्या कपड्याला कुठंही गाठ नसते. शेवटीही नाही. दोरा तसाच सोडायचा."

एकवीस वर्षं जिनं माझ्याकडून फक्त दोन गोष्टी मागितल्या, तिच्याच कपड्यात त्या दोन्ही करायच्या नव्हत्या. ती गाठ मी कात्रीनं कापून टाकली. आणि गाठीशिवाय शिवणं म्हणजे काय हे मला दहा मिनिटांत कळलं. दोरा ओढला की दुसऱ्या टोकानं निघूनच येतो. साडेअकराला सदऱ्याची अख्खी बाजू शिवून झाली, मी दोरा जरा जोरात ओढला आणि ती सगळी शिवण माझ्या हातात आली. कापडाचे दोन तुकडे वेगळे झाले. मी ते तसेच धरून बसले.

"क्या हुआ?" डायना दारातून म्हणाली. "काकू, वो... उधड गया? मराठीत काय म्हणतात त्याला?"

"उसवलं," मी म्हटलं. "उसवलं, बाळा. तू जा, कागदपत्रं बघ."

आत्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. त्यांनी दोऱ्याचं मोकळं टोक अंगठा आणि बोटात पकडलं. ते बोट थरथरत होतं, पण टोक सुटलं नाही. "मी धरते, तू पुढं जा," त्या म्हणाल्या. मग तसंच केलं. त्या धरून बसायच्या, मी शिवत शिवत त्यांच्यापासून लांब जायची, शेवटाला दोरा वीतभर सोडायची, आणि पुन्हा त्यांच्याजवळून सुरुवात. पाठीत कळा येत होत्या. पायजमा, सदऱ्याच्या दोन्ही बाजू, झगा, टोपडं... चार वेळा मला वाटलं की आता हे कुणाच्या तरी मांडीवर टाकावं आणि उठावं. त्या खोलीत तशी मांडी नव्हती. शेवटची बाही मी घाईघाईनंच जोडली, कारण दोन वाजून गेले होते आणि ताईंना आंघोळ घालायला नोएडाच्या दोघी बायका येऊन बसल्या होत्या.

दोन पस्तीसला आत्यांनी कपड्यांची घडी दोन्ही हातांवर घेतली आणि त्या बायकांबरोबर, ताईंना ठेवलं होतं त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. मी आत जायचं नव्हतं, ते काम त्यांच्यातल्या बायकांचं. मी आणि डायना बाहेर खुर्च्यांवर बसलो. ड्रायव्हर दोनदा येऊन विचारून गेला, सोसायटीतली माणसं लिफ्टपाशी उभी होती. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. म्हणजे आता कपडे चढवत असणार. आणि तेव्हा मला आठवलं. ताईंचा उजवा हात चार दिवसांच्या सलाइननं खांद्यापर्यंत सुजला होता, आणि मी शिवलं होतं ते खडूच्या जुन्या रेघेवर, त्या बऱ्या असतानाच्या मापावर. आता काही मोठं करता येणार नव्हतं, वेळ नव्हता, सुईसुद्धा आत्यांबरोबर आत गेली होती. मी उठले, बंद दाराला तोंड लावलं, आणि लिफ्टपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"आत्या, काखेत घट्ट होत नाहीये ना त्यांना?"