चुन्याचे दगड

“लागलेलं समदे सांगतेत. न लागलेलं दाखवा.”

पाणी लागल्याच्या गोष्टी सांगणाऱ्या कुणालाही मामा हेच ऐकवायचे. मामा म्हणजे सोनारीकडचे पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे आणि तो उभा राहिला की पायाखाली पाणी आहे, असं सांगायचे. मी भूशास्त्र शिकलेला. जमिनीत सळया ठोकून, यंत्रावरचे आकडे बघून बोअरची जागा सांगणारा. शेतकरी दोघांनाही बोलवायचे. त्यामुळे आमची गाठ बांधावर पडायची आणि मी मनातल्या मनात त्यांना हसायचो.

तुम्ही नळदुर्गच्या बाजूनं कधी गेला असाल, तर एखाद्या रानात चुना फासलेला दगड पाहिला असेल. तो हद्दीचा नव्हे. मामांनी दाखवलेला बोअर कोरडा गेला, की ते स्वतः येऊन तिथं असा दगड ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. आपल्याच पोटावर असा पाय देणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

माझेही बोअर कोरडे जायचे. पण माझ्याकडं कारणं तयार असत. बोअरच्या गाडीवाल्यानं दोन फूट सरकून पाडला, अजून खोल जायला हवं होतं, इथला खडकच फसवा. एकदा माझी ही कारणं चालली होती तेव्हा मामा शेजारी तंबाखू मळत बसलेले. शेतकरी गेल्यावर म्हणाले, “सायेब, आसं म्हणत गेलं तर तुमचं यंत्र जन्मात चुकायचं न्हाय. मग ते बरोबर येतंय, हे तरी कशावरून म्हणायचं?”

मी विषय बदलला. राग आला होता.

पुढं त्यांच्या भाच्याला नळदुर्गजवळच्या शेतात बोअर घ्यायचा होता. मामांच्या सांगण्यावरून घेतलेले आधीचे दोन कोरडे गेले होते, म्हणून त्यानं मलाही बोलावलं. मामा आधीच तिथं होते. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी माझ्या हातात दिला आणि डोळे बांधा म्हणाले. नारळाला पाणी कळत असेल तर आपल्याला दिसायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. भाचा नको नको म्हणत होता. उभ्या आयुष्याचं नाव त्या नारळावर होतं, ते एका दुपारी जाणार होतं. मामांनी ऐकलं नाही.

मी त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तीनदा चालवलं. तीनदा नारळ उभा राहिला आणि तिन्ही वेळा वेगळ्याच जागी. चुन्याच्या तीन खुणा एकमेकींपासून लांब लांब पडल्या.

रुमाल सोडल्यावर मामा तिन्ही खुणांपर्यंत चालत जाऊन आले. भाचा म्हणाला, अमावस्या जवळ आलीय, म्हणून झालं असेल. मीही सावरायला गेलो. म्हणालो, नारळाचं सोडा मामा, उंबर, वारूळ, गवत बघून तुमच्या डोळ्यांनाच पाणी कळत असेल.

“आसंल,” मामा म्हणाले. “पर ते येगळं तपासावं लागंल. आजचं चुकलं ते चुकलं.”

त्यांनी नारळ दगडावर फोडला आणि आम्हाला खोबरं वाटलं. त्यानंतर त्यांनी कुणाच्या शेतात नारळ धरला नाही.

खोबरं खाता खाता त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता तुमच्या यंत्राची पाळी, म्हणाले. डोळे मी बांधून घ्यायचे, भाचा नेईल तिथं सळया ठोकायच्या, आकडे त्यानं वाचायचे, जागा मी सांगायची. तीनदा. मी म्हणालो, बॅटरी उतरलीय.

उतरली नव्हती.

“बरं,” मामा म्हणाले. “चार्ज झाल्यावर या.”

धाराशिवला घरी पोचेपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती. तरी मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन उन्हाळे गेले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मामाच गेले.

त्यांच्या दिवसांनंतर मी यंत्र घेऊन भाच्याच्या शेतात गेलो. त्यानं मामांचाच रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला. तंबाखूचा वास अजून होता. तो आकडे वाचत गेला, मी जागा सांगत गेलो. रुमाल काढला तेव्हा दोन खुणा जवळजवळ होत्या, तिसरी पार बांधाकडं.

भाचा हळूच म्हणाला, “सळई नीट बसली नसंल, सायेब.”

माझ्याही तोंडात तेच आलं होतं. मी ते गिळलं, बांधावरचा एक दगड उचलला आणि त्याच्याकडं चुना मागितला.