पूजा झालेला मदरबोर्ड

कारखान्याच्या नव्या सर्व्हरसाठी घ्यायचा मदरबोर्ड लिनक्स सिस्टिमवर चालतो की नाही हे बघायचं काम माझं होतं, आणि ते मी चिंचोळी एमआयडीसीला जाणाऱ्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून, मोबाइलवर उरकलं. सर्व्हरच्या लिनक्सवाल्यांची एक यादी असते. कुठला मदरबोर्ड त्यांनी तपासलाय, कुठला नाही, ते त्यात कळतं. आमचा बोर्ड यादीत सापडेना. मग कुठल्याशा परदेशी माणसाने ‘माझ्याकडे मस्त चालतो’ असं लिहिलेलं सापडलं. तेवढ्यावर मी मालकांना ‘ओके सर’ पाठवलं, पुढे अंगठाही जोडला. तो माणूस घरच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सबद्दल बोलत होता, सर्व्हरच्या नव्हे. पण तेवढं खाली वाचायच्या आत माझा स्टॉप आला.

मालक म्हणजे महादेवप्पा, टॉवेलचा कारखाना. मी तिथला सिस्टिम अ‍ॅडमिन, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्याला हाक मारतात तो. शिक्षण बीएस्सी कॉम्प्युटर, करमाळ्याला.

चूक माझी असली तरी गोष्ट राजेसाब चाचांची आहे. सात रस्ता चौकात बसूचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे ते मशीन जोडायचे. त्यांना बसूच्या वडिलांनी, अप्पांनी ठेवलेलं. बसू हाफ चड्डीत होता तेव्हा चाचाच त्याला सायकलवर बसवून शाळेतून आणायचे. अप्पा गेल्यावर बसू गल्ल्यावर बसला.

चाचा गरीब गाय वगैरे नव्हते. तोंड असं, की गिऱ्हाईक मशीन ठेवून आधी दोन पावलं मागे सरकायचं. एका मास्तरांचा कॉम्प्युटर उघडून म्हणाले, “ह्यात उंदराचं बाळंतपन झालंय. मला कशाला आनलं, सुईनीकडं न्या की.” चुकायचेही. एका वकिलाची चांगली हार्डडिस्क त्यांनी मेली म्हणून जाहीर केली. ती दुसरीकडे जिवंत निघाली, तेव्हा चाचा वकिलालाच म्हणाले, “तुमच्या केसमदी बी असंच हुतंय न्हवं?”

त्यांचा एक नियम होता. नवा बोर्ड आला की डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, बसवायच्या आधी तो टेबलावर पेपर पसरून उघडाच ठेवायचा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं आणि एकेक भोक तपासायचं. यादीबिदी ते मानत नसत.

या वेळी तो नियम मोडला, कारण दिवाळीचा पाडवा. महादेवप्पांना बसूकडून मागवलेला सर्व्हर मुहूर्तावर सुरू करायचा होता आणि बोर्डाच्या खोक्याचं सील स्वतःच्या हाताने फोडायचं होतं.

“एक दिस दे,” चाचा बसूला म्हणाले. “उघडून बघतो, परत चिकटवतो.”

“चाचा, मालकाला कळलं तर? आणि आदिनाथनं बघितलंय की.”

चाचा माझ्याकडे वळले. “काय बीएस्सी, बघितलास?”

“व्हय.”

“कुटं?”

“यादीत.”

“यादीत माझं बी नाव असतंय. मत दुसराच टाकून जातो.”

पाडव्याला कारखान्याच्या ऑफिसात सील फुटलं. नारळ झाला. महादेवप्पांनी बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि सरळ बोर्डावर टेकवलं, एकदा नाही, पाच ठिकाणी.

“मालक, डब्याला लावा की,” चाचा म्हणाले. “आत नको.”

“लक्ष्मी काय डब्याला येती?” महादेवप्पा म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

चाचांनी मशीन जोडलं. पडद्यावर अक्षरं धावली, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. मग मी नेटवर्कची केबल लावली आणि काहीच झालं नाही. बोर्ड अगदी नवा आणि सर्व्हरचं लिनक्स मुद्दाम जुन्या, मुरलेल्या सवयीचं. बोर्डावरची नेटवर्कची चिप त्याच्या ओळखीचीच नव्हती. सर्व्हर चालू होता, पण कारखान्यातल्या एकाही कॉम्प्युटरला तो दिसत नव्हता. महादेवप्पांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी अख्खं मशीन सात रस्त्यावर आणलं. बसूने डबा उघडून बघितला आणि कपाळाला हात लावला. “डाग पडलेला बोर्ड कंपनी बदलून देत नाही. चाचा, आधी ते कुंकू पुसून टाका.”

चाचांनी ब्रश आणि स्पिरिट घेतलं. कुंकू निघेना, पातळ होऊन पसरत चाललं. तेवढ्यात दुकानाच्या पायऱ्या चढून महादेवप्पा स्वतः आले.

“हे काय चाललंय?”

बसू खुर्चीवरून उठला. माझ्यासमोर त्याने तोंड बदललं. “राजेसाब,” तो म्हणाला, चाचा नव्हे, “हे कुणी करायला सांगितलं तुम्हाला?”

चाचांचा ब्रश हातातच राहिला. त्यांनी बसूकडे बघितलं.

“माझ्या पाडव्याचं कुंकू पुसायलाय हा,” महादेवप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. माउस घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. “आनी हा. हा पुसायलाय.”

“मालक, बसूशेठनीच सांगितलं,” मी म्हणालो. “मी इथंच उभा होतो.”

“तम्मा,” कानडीत धाकट्याला म्हणतात तसं ते मला म्हणाले, “तू बोर्ड बी बघितला हुतास न्हवं? तसंच हे बी बघितलास का?”

गिऱ्हाइकं हसली. बसूही हसला.

चाचांनी ब्रश ठेवला. स्वतःच्या पिशवीतून एक जुनं नेटवर्क कार्ड काढलं, बोर्डावर बसवलं, केबल लावली. मशीन सुरू झालं, कार्डावरचा हिरवा दिवा लागला. कार्ड जुनं, लिनक्स जुन्या सवयीचं, दोघांची ओळख निघाली. दुकानातल्या लॅपटॉपवर सर्व्हर दिसायला लागला.

“चाललं?” महादेवप्पांनी विचारलं, मला.

“चाललं.”

“बरं झालं. ह्या मानसानं माझ्या मशीनला परत हात लावायचा न्हाय.”

“आत्ताच लावला की,” चाचा म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. कारखान्याच्या सगळ्या खात्यांना नवे कॉम्प्युटर घ्यायचे होते, आणि ती ऑर्डर बसूला हवी होती. तो गल्ल्यामागूनच म्हणाला, “राजेसाब, उद्यापासून येऊ नका.”

“अप्पा असते तर, बसू...”

“अप्पांनीपण हेच केलं असतं.”

“व्हय,” चाचा म्हणाले, “केलं असतं.” पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरले. महादेवप्पांनी वाट देताना धोतर सावरून घेतलं.

ऑर्डर बसूला मिळाली. सर्व्हर आजही त्याच डागाळलेल्या बोर्डावर आणि चाचांच्या कार्डावर चालतो. दर पाडव्याला त्याची पूजा होते, डब्याच्या बाहेरून. माझा पगारही वाढला, कारण मशीन एकदाही बंद पडलं नाही.

चाचा आता विजापूर वेशीत टेबल टाकून बसतात. चार्जर, इअरफोन, मोबाइलच्या काचा. एकदा मी कार्डाचे साडेतीनशे रुपये घेऊन गेलो.

“कार्ड तू घेतलास?”

“नाही, पण चाचा...”

“मग खिशात ठिव. ज्यानं घेतलं त्याला दे म्हनावं.”

मी महादेवप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “बिल आन म्हनावं. बिलाबिगर आमच्यात पैसा सुटत न्हाय.” दुकान नसलेल्या माणसाने बिल कशाचं आणायचं? चाचा एकदा स्वतः गेटवर आले. वॉचमनने आत फोन लावला, आतून उत्तर आलं आणि ते उन्हातून तसेच परत गेले. हे मला वॉचमनने हसत हसत सांगितलं.

“तर मग कार्ड काढून आन,” पुढच्या भेटीत ते म्हणाले. “माझं हाय.”

कार्ड काढलं तर कारखान्याचं काम थांबतं, आणि पाठोपाठ माझं. मी म्हणालो, मोबाइलला काच बसवायची आहे. त्यांनी फडक्याने मोबाइल पुसला, एकही बुडबुडा न राहू देता काच बसवली, आणि तिचे पैसे पुरते मोजून घेतले. कार्डाच्या साडेतीनशेंचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ते पैसे त्यांना अजून यायचे आहेत.