हात साठवणारी

माझ्या रूममेटइतकी गबाळी, विसराळू आणि दुसऱ्याच्या शॅम्पूवर जगणारी मुलगी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि डोक्यात तिच्याइतक्या कल्पना असलेली तर नसेलच. असूही नये, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे, कारण अशा दोघींचा हेवा करण्याइतकी ताकद माझ्यात नाही. एकीचाच चार वर्षं केला तर माझं वजन उतरलं. लोक म्हणतात, मत्सर वाईट. असेल. पण ज्यांनी तो सावेडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, एकाच प्लगवर दोन लॅपटॉप लावून केलेला नाही, त्यांनी मला शिकवायला येऊ नये. आम्ही दोघी नगरच्या एका डिझाइन कॉलेजात डिजिटल आर्ट शिकत होतो. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडातून मात्र अजून नगरच निघतं.) मी राहात्याची, ती श्रीगोंद्याची. मी नगरला आल्या आल्या 'लई'चं 'खूप' करून टाकलं होतं. ती चार वर्षांत एकदाही 'खूप' म्हणाली नाही, आणि गंमत म्हणजे मुलाखतीत, प्रेझेंटेशनमध्ये, सगळीकडे तिचं 'लई'च लोकांना आवडायचं.

पहिल्या दिवशी मी नवाकोरा पेन टॅब्लेट, त्याचं कव्हर आणि कव्हरवर घालायची पिशवी असा सगळा सरंजाम घेऊन आले. ती आली एका माउसवर. तो तिच्या मामाच्या फ्लेक्सच्या दुकानातला होता. दहावीपासून प्रत्येक सुट्टीत ती श्रीगोंद्याला त्या दुकानात बसून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचे बोर्ड बनवत आली होती. त्या माउसचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायचं. मी म्हटलं, "अगं, नवा घे ना." तर म्हणाली, "कशाला? मी एकदा सांगितलं तर ह्यो दोनदा ऐकतो. असं मानूस तरी घावतं का?" लेयरला नाव देणं हे तिच्या मते चहाच्या प्रत्येक घोटाला नाव देण्यासारखं होतं. फायलींना मात्र ती नावं द्यायची, पण त्या क्षणी जे खात असेल किंवा जे दुखत असेल त्याची. एकदा सरांनी भर वर्गात प्रोजेक्टरवर तिची फाइल उघडली, तिचं नाव होतं 'डोकं ठणकतंय दोन'. सरांनी शांतपणे विचारलं, "आणि एक कुठे आहे?" ती म्हणाली, "ते सकाळचं हाय सर. तवा एवढं ठनकत न्हवतं, म्हनून तितकं चांगलं न्हाई आलं." माझ्या फायली तारीखवार होत्या. त्यांच्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही.

या सरांना जगातली फक्त एकच गोष्ट हवी असायची. चित्रासमोर ते हाताची घडी घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "यात विचार कुठाय?" मी काढलेल्या हरणाच्या शिंगांत अख्खी आकाशगंगा होती. अर्धा चेहरा आणि अर्धी फुलपाखरं असलेली मुलगी होती, तिच्या एकेका पापणीवर मी अर्धा दिवस घालवला होता. सर बघायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "काम स्वच्छ आहे तुझं." स्वच्छ! मी काय मोरी घासली होती? आणि माझी रूममेट, जिच्या चित्राच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या असायच्या, तिच्या चित्रासमोर सर गप्प उभे राहायचे. त्या गप्प राहण्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. चार वर्षांत एकदा, फक्त एकदा, मला काहीतरी असं सुचावं की सरांचं ते वाक्य त्यांच्या घशात अडकावं, एवढीच माझी इच्छा होती. रूममेट माझी चित्रं अगदी प्रेमानं बघायची, अगदी स्क्रीनला नाक लावून. "लई भारी काढलंय गं," म्हणायची, आणि मग अत्यंत निरागसपणे, "पन ही कोन हाय? तुझ्या वळखीची हाय का?"

तिला कल्पना कुठून मिळतात हे शोधायचा मी पद्धतशीर प्रयत्न केला. तिची एक खोड होती. रसवंतीवर, स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, कुणीही शेजारी बसलं की ती विचारायची, "तुमच्या मोबाईलमधला सगळ्यात जुना फोटू कोनता हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा माळीवाड्याच्या स्टँडवर पाथर्डीकडची एक बाई भेटली. ऊसतोडीहून मधेच दोन दिवस गावी निघाली होती. तिनं फोटो दाखवला तो एका कुलपाचा. "घराचं हाय. दरसाली निघताना काढते. तिकडं फडावर पाचटाच्या कोपीत बसून बघितलं की वाटतं, हाय बाबा घर." ती बाई हे सांगत होती तेव्हा मी गाडी लागली का ते बघत होते. रूममेटनं पुढच्या महिन्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या कुलपांची मालिका केली. नुसती कुलपं, मोबाईलच्या स्क्रीनएवढी. सर चष्मा काढून पुसायला लागले. मी त्याच बाकावर बसले होते. त्या बाईची पिशवीसुद्धा माझ्याच मांडीवर होती! पुढच्या रविवारी मी एकटीच स्टँडवर गेले आणि एका काकांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी मला आधार कार्डाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, तेवढं केवायसीचं बघा की, लई दिवस झाले." मी त्यांचं केवायसी करून दिलं आणि परत आले.

शेवटच्या वर्षी प्रदर्शन असतं. दारातून आत शिरलं की समोर जी मोठी भिंत दिसते ती एकाच विद्यार्थ्याला मिळते, बाकीचे जिथे जागा असेल तिथे. ती भिंत मला हवी होती. दिवाळीच्या सुट्टीहून रूममेट परत आली, चिवड्याचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुला येक दाखवायचंय, पन हसू नको." तिनं एक फोल्डर उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदाच तिच्या फोल्डरला सरळ नाव होतं: 'हात'. श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी फोटो लागतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांचा एकटीचा फोटो सहसा नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला. मग लोक तोच व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि म्हणतात, हिला तेवढी वेगळी काढा, आणि खांद्यावरचा हात काढून टाका. लेकीचा हात, नातवाचा हात, शेजारणीचा. माझी रूममेट तो हात काढायची, पण टाकायची नाही. जपून ठेवायची. शे-दीडशे हात होते. बांगड्यांचे, मेंदीचे, अंगठी रुतलेले, घड्याळ ढिलं झालेले. "टाकवेना गं," ती म्हणाली. "ह्यांचं करू का भिंतीसाठी?"

आता माझी अडचण ऐका. राहात्याला माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे. आठवीपासून मीसुद्धा हेच काम करत आले. खांद्यावरचा हात मी इतक्या सफाईनं काढायचे की तिथे कधी हात होता हे त्या हाताच्या मालकालाही कळू नये. वडील गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. तिच्यापेक्षा जास्त हात माझ्या माउसखालून गेले असतील, आणि ते सगळेच्या सगळे मी डिलीट केले होते. वर रिसायकल बिनही रिकामं केलं होतं, कारण मी स्वच्छ काम करणारी मुलगी आहे. त्या क्षणी माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. मी म्हटलं, "यात काय विशेष? आमच्या स्टुडिओत हे रोजचंच आहे. शिवाय लोकांचे फोटो न विचारता वापरलेस म्हणून सर फाडून खातील." तिनं एकदा माझ्या नाकाकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय का? तू म्हनतीस म्हंजे आसंल." आणि फोल्डर बंद केलं. वर मी तिला विषयही सुचवला: स्त्री आणि निसर्ग. केसांच्या जागी झाड काढ म्हटलं, झाडावर पक्षी काढ. आठ दिवस मी मोठ्या आनंदात होते. ती ते काढायला बसली, तेव्हा तिला मी दोनदा स्वतःहून चहा करून दिला.

प्रदर्शनाआधीच्या पहिल्या तपासणीला सर तिच्या झाडवालीसमोर उभे राहिले. त्या बाईच्या केसांत एक पोपट होता, तो कबुतरासारखा दिसत होता. सरांनी हाताची घडी घातली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, "यात विचार कुठाय?" हे ऐकायला मी किती आसुसले होते! तर ती अगदी मोकळेपणानं म्हणाली, "इचार हिचा हाय सर. हिला त्यातलं लई कळतं. मी नुसतं काढलं." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं, कौतुकानं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी खरोखर म्हटलं. खोलीवर आल्यावर मी तिला सांगून टाकलं की मी खोटं बोलले, हातांची कल्पना चांगली होती, मी जळले म्हणून तसं म्हणाले. ती भाकरी मोडत होती. "माहितीय की," म्हणाली. "तू जळलीस की तुझं नाक लाल हुतं." मी म्हटलं, "मग ऐकलंस कशाला?" तर म्हणाली, "मला वाटलं, जळलीस तरी खरं बोलशील."

मग आम्ही हात काढायला बसलो. तिची कापाकापी म्हणजे आनंदच; कुठे बोटाचं टोक गेलेलं, कुठे करंगळी चौकोनी झालेली. ती मूळ फोटो उघडून द्यायची आणि मी प्रत्येक हात नव्यानं, नखाच्या कडेपर्यंत नीट कापायचे. हाताबरोबर प्रत्येक वेळी लुगड्याचा, पदराचा एखादा तुकडा यायचा. तो मी पुसायला गेले तर तिनं माझं मनगटच धरलं. "ठिव. न्हाईतर हात कशावर हुता ते कसं कळंल?" बघा, म्हणजे कापायचं मी आणि सुचायचं हिलाच. भिंत अर्थात तिला मिळाली. पांढऱ्या भिंतीवर नुसते हात, प्रत्येकाखाली पदराची एक चिंधी, आणि सगळे खांद्याच्या उंचीवर. कुणी सांगितलं नव्हतं, पण बघायला आलेले लोक आपोआप भिंतीला पाठ लावून कुठल्यातरी हाताखाली उभे राहत होते. आमचे सरही राहिले. माझा प्रोजेक्ट जिन्याखाली होता. पाण्यात उभी असलेली मुलगी आणि पाण्यात आकाश. पाणी फार स्वच्छ होतं.

आता ती पुण्याला एका ॲनिमेशन कंपनीत आहे आणि मी राहात्याला वडिलांच्या स्टुडिओत. मत्सर थोडा कमी झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही, फक्त आता तो फोनवर करावा लागतो. मागच्या महिन्यात एक गृहस्थ दुकानात आले. पायात चपला नव्हत्या, डोकं नुकतंच भादरलेलं. मोबाईल पुढे करून म्हणाले, "आईचा फोटू येगळा काढायचा हाय ताई, दहाव्याच्या बोर्डाला. खांद्यावरला हात तेवढा काढा." लग्नातला फोटो होता. मी सवयीनं हाताच्या कडेवर माउसचा बाण नेला आणि का कोण जाणे, विचारलं, "हात कुणाचा आहे?" ते म्हणाले, "माझाच की. माझ्याच लग्नातला." मी म्हटलं, "मग ठेवू का?" ते स्क्रीनकडे वाकले. "बोर्डावर कसं दिसंल वो?" मी म्हटलं, "आईच्या खांद्यावर तुमचा हात दिसेल." त्यांनी स्क्रीनवरच्या त्या हातावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ठिवा."

बोर्ड चौकात लागला. लोक थांबून बघत होते. मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला आणि खाली लिहिलं, हे मला सुचलं. खरं सांगते, चार वर्षांचं व्याज वसूल केल्यासारखी मी फोन हातात धरून बसले होते, की आता तिचं नाक लाल होऊ दे. बराच वेळ ती काहीतरी टाइप करत होती, पुसत होती, पुन्हा टाइप करत होती. मग आलं: "माझ्याकडं तेवढे हात हुते गं. पन ठिवू का म्हनून मी येकालाबी इचारलं न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला फोन लावला. तिनं उचलला, आणि दोघींपैकी कुणालाच काय बोलावं ते सुचेना.