वाचून न दाखवलेला जबाब

एवढी पत्रकं काढली, एवढ्या सभांत घसा फोडला, पण ही एक गोष्ट आजवर तोंडातून बाहेर पडू दिली नाही. वडिलांजवळ नाही, संघटनेत नाही, आणि ज्या मित्राला वाटतं की मी त्याला सगळं सांगतो, त्याच्याजवळही नाही. आता तुम्हाला सांगतोय म्हणून तुम्ही माझे जिवलग झालात असं समजू नका. तुमच्यातल्या काहींनी ते पत्रक वाचलंय. खाली अंगठा वर केलाय, पुढं पाठवलंय. तेव्हा आवडलं होतं ना?

फोनपासून सुरुवात करतो. की हीसुद्धा पळवाटच? फोन बिचारा उलटून बोलत नाही.

मी पत्रकांवर वाढलो. म्हणजे खरोखरच. आमच्या घरात कणकेच्या खळीचा वास असायचा, खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. वडील धरणाच्या कडेच्या वाड्यांत जाऊन लोकांचे जबाब लिहून घ्यायचे. माणूस आपली अडचण सांगणार, ते लिहिणार, खाली त्याची सही नाहीतर अंगठा. नियम एकच — वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. गाडी सुटत असली तरी पहिल्या ओळीपासून वाचायचं. मध्येच कुणी म्हणायचं, "हे आसं न्हाई राव," आणि वडील खोडून पुन्हा लिहायचे. त्यांच्या कागदांवर मजकुरापेक्षा खाडाखोडच जास्त. मला त्या खाडाखोडीची लाज वाटायची. वाटायचं, ह्या माणसाला एक वाक्य धड लिहिता येत नाही.

मी दोन बोटांनी टाइप करणारा. डोक्यात सभा पेटलेली आणि बोटं आपली अक्षर शोधतायत. मग कधीतरी फोनवरच्या माइकच्या बटणाचा नाद लागला. बोललं की उमटतं. घोडेगावच्या स्टँडवर उभ्या उभ्या मी दोन पानं सांगून मोकळा व्हायचो. आजूबाजूचे लोक वळून बघायचे, आणि मला ते बघणं आवडायचं — कबूलच करायला बसलोय तर हेही घ्या. हाताने लिहिताना राग दुसऱ्या ओळीला थोडा निवतो. शब्द शोधावा लागतो, आणि शोधता शोधता खरं काय घडलं तेही आठवतं. बोलून लिहिताना तशी सवड नाही. जरा थांबलात की तो माइक मिटतो. मग न थांबता बोलायची सवय लागते. आणि मी तर आधीच न थांबणारा.

डिंभ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. नाव सांगत नाही. तिथं ठकूआत्या राहते. ती धरणात जाळी टाकते आणि मासे घोडेगावात नेऊन विकते. बस वाडीत यायची बंद झाली होती, खाली फाट्यावरूनच वळायची. ती वाडीपर्यंत यावी म्हणून आम्ही जबाब गोळा करत होतो. मी तिच्या ओट्यावर बसलो आणि फोन तिच्यापुढं धरला. तिचं बोलणं फोनला काही झेपेना. ती म्हणाली, "तुझ्या मशिनीला माझं बोलणं पचत न्हाई व्हय? पुण्याची दिसती." मी हसलो. मग ती बोलायची आणि तिचं वाक्य मी माझ्या भाषेत फोनला सांगायचो. थोड्या वेळानं मी तिचं वाक्य संपायची वाट बघेनासा झालो. आणखी थोड्या वेळानं ती मांजराला हाकलायला आत गेली, आणि मी बोलतच राहिलो.

तिनं काय सांगितलं होतं? साधं होतं. पावसात रस्त्याची कड खचलीय, म्हणून गाडी वर येत नाही. कड बांधून द्या, गाडी येईल. ड्रायव्हर रफीकभाऊ जुन्नरचा, माणूस चांगला आहे. फाट्यावर खाली उतरून पाटीला हात लावतो. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणाचा तरी हात लागतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

पण खचलेली कड! तिच्यावर कुठं पत्रक पेटतं? मला आरोपी हवा होता. मी फोनला सांगितलं — आमच्या अंगाला माशांचा वास येतो म्हणून ड्रायव्हर आम्हाला गाडीत घेत नाही, आम्ही माणसं नाही का? वाक्य तोंडातून असं सुटलं की माझ्याच अंगावर काटा आला. तिच्या तोंडी घातलेलं माझं वाक्य, आणि काटाही माझ्याच अंगावर. किती सोय.

नंतर छापील कागद घेऊन गेलो तेव्हा खाली जीपवाला हॉर्न देत होता. आत्यानं हात पुसले, अंगठ्याला शाई लावली आणि विचारलं, "वाचायचं न्हाई का? तुझा बाप वाचायचा."

मी म्हणालो, "तुझंच बोलणं आहे आत्या. तुला काय वाचून दाखवायचं?"

तिनं अंगठा उठवला.

पुढं तालुक्याला बैठक लागली. अधिकारी, वाडीतली माणसं, आणि जबाबात तक्रार होती म्हणून बोलावलेला रफीकभाऊ, दाराशी टोपी हातात धरून. अधिकाऱ्यानं जबाब मोठ्यानं वाचला. म्हणजे आत्याला तिचा जबाब वाचून दाखवला गेला खरा — मी नाही, त्यानं दाखवला. वाचून झाल्यावर रफीकभाऊ एवढंच म्हणाला, "आत्या, मी आसं कवा म्हनलो गं?"

आत्या उठली. "मी आसं बोलले न्हाई, सायेब. ह्यो भाऊ व्हता तिथं. त्याला इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एक वाक्य पुरे होतं. चूक माझी आहे, तिची नाही. माझ्यासारख्याला ते जड होतं का? मी तर बोलण्याचंच खातो. पण मी समोर वाडीतली पोरं पाहिली, माझ्याकडं मान वर करून बघणारी. मला वाटलं, आत्ता कबूल केलं तर ह्यांच्या नजरेतून मी उतरणार. आणि मी म्हणालो, "बाईंवर दबाव आहे, साहेब."

बाई. ओट्यावर आत्या होती, बैठकीत बाई झाली.

अधिकाऱ्यानं कागद बाजूला सारला. म्हणाला, आधी तुमच्यात काय ते ठरवा, मग या. बसची मागणी तिथंच बारगळली. रस्त्याच्या कडेचं नावही निघालं नाही, कारण ती कागदात नव्हतीच.

इथवर तुम्ही मला भित्रा म्हणाल. भित्रा असतो तर गप्प घरी गेलो असतो.

बाहेर टपरीवर चहा सांगितला. पोरं भोवती जमलेली, तापलेली. "आता ओ? आता काय करायचं?" मी फोन तोंडाजवळ धरला आणि पत्रक सांगून टाकलं. आपल्यातलीच एक फुटली. फुकटच्या प्रवासासाठी वाडीची बस विकली. नाव घातलं नाही, तेवढा मी हुशार आहे. मासे विकणारी, एवढंच म्हटलं. बैठकीला दुसरी कोण होती मासे विकणारी? चहा पिण्याजोगा निवायच्या आत पत्रक वाडीच्या ग्रुपवर पडलं होतं. तीच दोन बोटं असती, तर रात्र लागली असती. घरी खाटेवर बसून लिहावं लागलं असतं, समोर वडील असते. ते काय म्हणाले असते हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, ते वेगाचं काम होतं. पण वेग मी मागून घेतला होता. तो माझ्यावर कुणी लादला नव्हता.

आत्या तेव्हा बसमध्ये होती. फाट्यावर उतरून ती चढ चढून वाडीत पोचली, तेव्हा तिच्याआधी पत्रक पोचलं होतं. तिला वाचता येत नाही. ओट्यांवरची माणसं बोलता बोलता का थांबली, हे तिला तिच्या नातसुनेनं वाचून दाखवलं.

मारलं नाही कुणी. शिवीही दिली नाही. आपली वाडी सभ्य आहे. फक्त तिच्या पाटीला हात लावायचं सगळ्यांनी सोडलं. शेजारीण पाण्याला निघाली की आधी वाट बदलायची. आत्या निम्मेच मासे भरू लागली, एकटीला उचलता येतील एवढे. मग पाटी बांधावर ठेवून, खाली बसून, डोकं आत घालून उठायला शिकली. ह्या वयात. हे मला पोरांनीच सांगितलं, हसत. आणि मी त्यांच्याबरोबर हसलो. हे सांगायचं नव्हतं, पण आता सुटलंच आहे.

रफीकभाऊनं स्वतःहून दुसऱ्या रस्त्यावरची फेरी मागून घेतली, असं ऐकलं. कड अजून खचलेलीच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी जीपनं वर चाललो होतो. फाट्यावर आत्या पाटी पुढ्यात घेऊन बसलेली. बांध नव्हता तिथं, सपाटी होती. जीप थांबली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. ओळख पटली नसेल असं म्हणायला वाव नाही. म्हणाली, "पावणं, जरा हात लावा."

भाऊ नाही, पावणं.

मी हात लावला. पाटीतलं पाणी बाहीवरून कोपरापर्यंत आलं. तिनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि गेली. तेव्हा तरी बोललो का? माझ्याजवळ शब्द नव्हते असं लिहिलं तर वाक्य चांगलं दिसेल. शब्द होते. मी जीपमध्ये बसलो.

तुम्ही म्हणाल, आता सांगितलंस ना, झालं. काय झालं? कुणापुढं सांगितलं? तुम्ही पुण्यात, मंचरात, नारायणगावात बसून वाचणार. वाडीत हे मासिक कुणी वाचत नाही. ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर इथं लिहायचं धाडस झालं. हाताने लिहिलं असतं तर तुम्हाला जरा बरं वाटलं असतं, मलाही. नाही लिहिलं. बोलूनच लिहिलंय, त्याच फोनवर, एका बैठकीत, कुठंही न खोडता.

आणि तिला हेही वाचून दाखवलेलं नाही.