आतल्या खोलीत गेलेली वायर

जव्हारला घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका असली कामं. सासरे आजारी पडून आतल्या खोलीत झोपून राहिले, तेव्हा त्यांना सिनेमे हवे होते आणि घरातला सीडी प्लेअर बिघडलेला होता. कॉम्प्युटर होताच. नाशिकहून आलेल्या मेकॅनिककडून त्याला टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं, भिंतीला भोक पाडलं आणि लांब वायर आतल्या टीव्हीपर्यंत नेली. दुपारी दुकान बंद असताना मी सीडी लावायचे, सिनेमा आत दिसायचा. मध्यंतराला उठून दुसरी सीडी घालायची. सिनेमा संपला की ते टीव्ही बंद करत आणि मी कामाला बसत असे. निदान मी तसं धरून चालले होते.

त्यांना पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. आम्ही त्यांना अल्सर सांगितला. हा निर्णय नवऱ्याचा.

मी म्हटलं, "जन्मभर तहसील कचेरीत कागद वाचलेत त्यांनी. त्यांना फसवणार तुम्ही?"

"फसवायलाच हवं. कळलं तर अन्न सोडतील. आजोबांनी तेच केलं होतं."

धाकट्या दिराला सुरतेला कळवणं भाग होतं. फोन सासऱ्यांच्या उशाशी, मोबाइलला धड रेंज नाही. म्हणून सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने माझ्या कानाशी हळू आवाजात पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी अक्षरं नेहमी भलीमोठी करून ठेवत असे.

गुरुवारी जेवताना सासरे म्हणाले, "बेकरीवाला दुकान विकून भिवंडीला चाललाय वाटतं."

नवरा हसला. "खाटेवरून गाव चालवताय की काय, बाबा?"

त्या विक्रीचा करारनामा मी त्याच दिवशी टाइप केला होता. कुणाला सांगू नका, असं बेकरीवाल्याने दोनदा बजावलं होतं आणि मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दुपारी कोणी भेटायला आलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्या दिवशी कोणीही आलं नव्हतं.

शनिवारी दाभोशाहून एक माणूस जमिनीच्या कामाचा अर्ज करून घ्यायला आला. परतीची जीप सुटेल म्हणून घाईत होता. तो पायरी उतरतो न उतरतो तोच आतून हाक आली.

"सूनबाई, थांबव त्याला! अर्ज तहसीलदाराला काय करतेस? हे काम प्रांताकडे जातं."

मी त्या माणसाला थांबवलं आणि आत गेले. टीव्हीचा आवाज बंद होता, चित्र चालू होतं. पडद्यावर माझाच अर्ज होता, शेवटच्या ओळीखाली कर्सर लुकलुकत होता.

"तुम्ही टीव्ही बंद करत नाही?"

"कशाला? सिनेमात काय असतं! हे बरं. सगळा तालुका समोरून जातो."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. शनिवार, गुरुवार, सोमवार.

ते माझ्याकडेच बघत होते. "सोमवारचंही वाचलं," ते म्हणाले. "थोरल्याला सांगू नकोस. मी फसलोय असंच वाटू दे त्याला."

"आणि जेवणाचं काय?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तो माणूस थांबलाय ना? अर्ज दुरुस्त कर आधी."

मी बाहेर येऊन अर्ज दुरुस्त केला. त्या रात्री त्यांचं ताट अर्धं परत आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसता भात चिवडला. नवरा म्हणाला, औषधामुळे तोंड बेचव झालं असेल.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. दिराला दुसरं पत्र पाठवायचं होतं. "लिही, बाबांना अजून काही माहीत नाही. भूक मात्र फार कमी झाली आहे."

आत टीव्हीचा आवाज नव्हता. वायर मी काढली नव्हती. मी ते वाक्य टाइप केलं आणि त्याखाली, नवऱ्याने न सांगितलेलं, आणखी एक जोडलं : दोन घास तरी खावेत, असं सगळ्यांना वाटतं.

"हे त्याला कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"असू दे," मी म्हटलं, आणि आतून काही आवाज येतो का, ते ऐकत बसले.